काळ्या वायरला टेस्टर

कसे आहात सगळे? वसंतराव, शुगर आटोक्यात आहे ना... शालूवहिनी, मोतीबिंदू काढल्यावर आता नीट दिसतंय का? बाळू, तुझा खोकला गेला की अजून आहेच? आम्ही दोघं इथे कॅनडात, सरेला मुलाकडे ठणठणीत. पण परवा मी थोडक्यात वाचलो, म्हणून लिहायला बसलोय.

आमच्या खोलीतला हीटर तीन दिवस थंडगार. इथे खिडकीखाली, जमिनीलगत लांबलचक पेटीसारखा विजेचा हीटर असतो, बेसबोर्ड म्हणतात त्याला. भिंतीवरचा थर्मोस्टॅट फिरवला की सुरू व्हायला हवा... आमचा ढिम्म. ही दोन-दोन स्वेटर घालून झोपत होती.

मुलगा म्हणाला, "बाबा, शनिवारी इलेक्ट्रिशियन येतोय, तुम्ही हात लावू नका." आता साताऱ्यात चाळीस वर्षं लोकांच्या घरांचं वायरिंग केलेला मी, बघून बघून शिकलेलो का असेना... शनिवारपर्यंत दम निघेना. मुलगा-सून कामावर गेल्यावर नवा थर्मोस्टॅट घेऊन आलो.

बेसमेंटमधल्या पॅनेलवर शेजारी शेजारी दोन ब्रेकर, दोन्हींपुढे 'हीटर' लिहिलेलं. एक आमचा, दुसरा हॉलचा, असं मीच ठरवून टाकलं. एक बंद केला. वर येऊन थर्मोस्टॅट खोलला, तांबड्या वायरला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. म्हटलं, झालं काम.

काळ्या वायरी मागे प्लास्टिकच्या टोपीत पिळून ठेवलेल्या. टोपी काढली. आपल्याकडे तांबडी फेज, काळी न्यूट्रल, हे माझ्या हाडात बसलेलं... बोटांनी पीळ सोडवणार, एवढ्यात बॅटरी धरून उभी असलेली ही म्हणाली, "अहो, काळीला पण लावा की टेस्टर."

"अगं, न्यूट्रलला काय लावायचंय?"

"लावा म्हणते ना! तुम्हाला काही झालं तर ॲम्ब्युलन्सवाल्यांशी इंग्रजीत मी बोलू?"

निव्वळ तिची कटकट थांबावी म्हणून लावला. दिवा भक्कन लागला.

मी तसाच पलंगावर बसलो. हिनेच शेजारच्या गुरमीतला बोलावून आणलं. तो लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन, नशिबाने घरी होता. उघडा डबा बघून म्हणाला, "अंकलजी, यहाँ इस हीटर में न्यूट्रल होता ही नहीं. लाल भी गरम, काली भी गरम!" गरम म्हणजे करंट असलेली.

दोन्ही ब्रेकर त्या एकाच हीटरचे होते. त्याने दोन्ही बंद केले, एकूण एक वायर मीटरने तपासली आणि मगच थर्मोस्टॅट बसवला. दोन्ही एकदमच बंद होतील असा जोडब्रेकर लगेच घालून घ्या, असं बजावून गेला.

संध्याकाळी मुलाला मीच सगळं सांगितलं. वाटलं, आता ओरडणार... तो नुसता माझा हात हातात घेऊन बसला. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं.

माझा अनुभव साताऱ्याच्या भिंतींचा. इथल्या भिंतीत काय आहे हे विचारून घ्यायला हवं होतं, एवढंच. हिचे उपकार मानायला गेलो तर म्हणाली, "ते राहू द्या, मला नीट झोपू द्या." आणि खरंच, एकाच स्वेटरमध्ये घोरायला लागली.

तुमचंही कळवा. नुसता अंगठा दाबू नका, दोन ओळी लिहा... वाट बघतोय.