उसाचा गुडघा

माणसाला तोंड असतं, ही गोष्ट आमच्या मामांच्या लेखी फारशी महत्त्वाची नव्हती; ते माणसं गुडघ्यांवरून ओळखत. मामा सैन्यातून लंगडत परतलेले. कडेगावात ‘लढाईत पाय दिलेला माणूस’ म्हणून त्यांचा मान होता आणि पंधरा ऑगस्टला शाळेत पहिली खुर्ची त्यांची. लढाईविषयी कुणी विचारलंच, तर ते लगेच विचारणाऱ्याच्या गुडघ्यावर घसरत. मामेबहिणीला बघायला आलेल्या मुलाची शेती, शिक्षण सगळं बाजूला राहिलं. पाहुणे निघाल्यावर मामा म्हणाले, “पोरगा गुणाचा हाय, पण उठताना डावा पाय चोरतोय. कवा पडला, इचारा.” मुलगा खरोखरच झाडावरून पडला होता. लग्न झालं, आणि जावई जन्मभर मामांचा भक्त राहिला.

त्यांच्या पिशवीत उसाची दोन कांडी असत, सुतळीने एकमेकांना बांधलेली. हा मामांचा गुडघा. एसटीच्या थांब्यावर, तेराव्याच्या पंगतीत, कुठेही तो बाहेर निघे. “ही सुतळी म्हंजी हाडाला हाड बांधणाऱ्या रगा. ह्या दोन कडंच्या, आन् मदी ह्या दोन, फुलीवानी. फुलीतली तुटली की माणूस सरळ चालतोय, पण वळाय गेला की गुडघा दगा देतोय!” एकदा बोलण्याच्या भरात पिशवी गोठ्याशी राहिली आणि म्हशीने गुडघा सुतळीसकट खाल्ला. मामी म्हणाली, “बरं झालं. तिला तरी समजंल.”

मी आजोळीच वाढलो आणि गावच्या संघातून कबड्डी खेळायचो. एका सामन्यात एक आडदांड गडी बाहेरून माझ्या गुडघ्यावर पडला. गुडघ्याचा भोपळा झाला. संघातली पोरं पाय ओढून ‘बसवायला’ आली, तर मामा काठी घेऊन खाटेपाशी बसले. “रग हाय ती! मोळी न्हाई वडायला!”

दोन आठवड्यांत सूज उतरली. सांगलीला विश्रामबागेत अंतिम सामना होता. मी पट्टी आवळून मैदानात उतरणार, तोच एसटीने आलेले मामा समोर उभे. आमचा कप्तान म्हणाला, “आवं मामा, सूजच न्हाई, आता काय?”

मामांनी पिशवीला हातही लावला नाही. ते सगळ्यांसमोर मातीत बसले.

“माझी बी उतरली हुती,” ते म्हणाले. “लढाईत न्हाई रं गेला ह्यो पाय. पलटणीच्या कबड्डीत गेला. डागदर थांब म्हणला, म्या ऐकलं न्हाई. पलटण सीमेवर गेली, तवा म्या दवाखान्यात हुतो.”

सगळी गावचीच पोरं. संध्याकाळपर्यंत कडेगावभर झालं.

मी खेळलो नाही. आम्ही हरलो, आणि मी महिनाभर मामांशी बोललो नाही. पुढे डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आतल्या कडेची रग अर्धी फाटली होती, विश्रांतीमुळेच जुळली. तेव्हा मला स्वतःची फार लाज वाटली.

पुढच्या पंधरा ऑगस्टला शाळेत खुर्ची मांडलेली होती. हेडमास्तरांनी हाकही मारली. मामा मागच्या रांगेतल्या बाकावरून हलले नाहीत, म्हणून मीही तिथेच बसलो. झेंडा वर जाताना ते काठीवर भार देऊन उठले. सवयीने माझ्या पायांकडे बघत हळूच म्हणाले,

“बरा उभा हाईस गड्या.”