बिनपडद्याच्या डब्याला मारलेल्या हाका

मशीन दुरुस्त झालं की गावातच राहतं, किस्सा मात्र आमच्याबरोबर शहापूरला परत येतो. असे किती साठलेत! त्यातला एक सांगायला मला अजून जड जातं.

२००४-०५च्या सुमारास आमचं ऑफिस गावोगावचा पाऊस मोजायचं. प्रत्येक गावात पत्र्याच्या पेटीत तळहाताएवढा कॉम्प्युटर. ना पडदा, ना कीबोर्ड! पावसाचे आकडे आले नाहीत, की जाऊन केबलने लॅपटॉप जोडायचा आणि त्यावरून त्या डब्याला दिलेला नंबर टाकून हाक मारायची, म्हणजे छोटासा संदेश पाठवायचा. ओ आली, तर कनेक्शन ठीक.

*

दसऱ्याला मोठ्या साहेबांनी सापगावच्या डब्याची साग्रसंगीत पूजा केली. दुसऱ्या दिवसापासून डबा गप्प! आम्ही तीन दिवस टेलिफोनवाल्यांच्या नावाने खडे फोडले. शेवटी ऑफिसातल्या वैशाली मॅडमनी केबलच्या खोबणीत टाचणी घातली, तर चिमूटभर कुंकू निघालं.

त्या म्हणाल्या, "साहेब, पुढच्या वर्षी लांबूनच नमस्कार करा!"

*

म्हसा गावचा डबा काशिनाथदादा सांभाळायचे. दरवर्षी वीटभट्टीवर जाणारं त्यांचं बिऱ्हाड या नोकरीमुळे पहिल्यांदाच घरी थांबलं होतं. मुलगी शाळेत टिकली होती.

एकदा मॅडमनी त्यांना फोनवर सांगितलं, "केबल काढा." फोन बूथवर, डबा वीस मिनिटं लांब. दादा गेले, परत येऊन म्हणाले, "काढली!"

"आता लावा."

पुन्हा गेले. "लावली!"

"आता बटण बंद करून चालू करा."

"म्याडम, काय सांगाचा हाय ता एकदाच सांगा, माझी चप्पल झिजली!"

*

त्याच डब्यापाशी मी एकदा भर उन्हात दोन तास हाका मारत बसलो. ओ नाही. दादा शांतपणे बघत होते. मग केबल उचलून म्हणाले, "सायेब, ह्या टोक तर मोकलाच हाय!"

ऑफिसात सगळे पोट धरून हसले. मीही हसलो, पण मला ते लागलं होतं, हे आज कबूल करतो.

*

पुढच्याच महिन्यात म्हशाचे आकडे बंद झाले. मी गेलो. दादा म्हणाले, "दिवा नुसता लागून ऱ्हातो, लुकलुकत नाय. डबा मेलाय, सायेब."

मी केबल जोडली. दोन्ही टोकं नीट बघितली! हाक मारली, झटकन ओ आली. मनात म्हटलं, हा आता मला शिकवतोय. रिपोर्टात लिहिलं: यंत्र ठीक, माणूस स्विच बंद ठेवतो.

आठवड्यात दादांना काढलं. त्यांच्या जागी दुसरा माणूस लागला. आकडे तरीही येईनात.

मग वैशाली मॅडमनी माझा लॅपटॉप बघितला. "सर, म्हशाच्या डब्याचा नंबर तुमच्या लॅपटॉपलाच आहे!"

मधल्या महिन्यात टेस्टिंगसाठी तो नंबर मीच लॅपटॉपला दिला होता, बदलायचा राहिला. म्हणजे मीच हाक मारली आणि माझ्याच लॅपटॉपने ओ दिली. डबा खरंच मेला होता.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "नवा माणूस लागलाय. आता कशाला उकरताय?" मी रिपोर्ट तसाच राहू दिला.

पण दादांना तरी सांगावं, म्हणून म्हशाला गेलो. अंगणात बोचकी बांधलेली. भट्टीचा ट्रक यायचा होता. मला बघून दादांचा चेहरा उजळला.

"चा टाक गो! मी बोललू ना, सायेब मला परत बोलवाला येतील!"

वहिनींनी बांधलेलं बोचकं सोडलं आणि कपबशा काढल्या.

मी चहा प्यायलो.