स्वित्झर्लंडची राजधानी

“टीचर, जरा उभ्या राहता का?” सर म्हणाले. मी उभी राहिले. हॉलमध्ये बारा-तेरा माणसं, प्रत्येकाच्या हातात डिश. मी स्वयंपाकघराच्या दाराशी प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेले, तिथून उठले.

ठाण्यात खोपटला सरांचा फ्लॅट. त्यांच्या दोन मुलांची मी शिकवणी घ्यायचे. ईरा नऊ वर्षांची, अर्णव सहाचा. त्या रविवारी टूरवाल्यांचं गेट-टुगेदर होतं. हे सगळे एकाच ग्रुपमधून युरोपला जाऊन आलेले. तेव्हापासून दरवर्षी कुणाच्या तरी घरी जमतात, टीव्हीवर तेच फोटो बघतात. पॅरिसमध्ये सकाळी गरम पोहे कसे मिळाले, बर्फात उभं राहून वडापाव कसा खाल्ला, हे एकमेकांनाच पुन्हा सांगतात. मला बोलावलेलं मुलांना सांभाळायला.

जेवणाआधी सरांनी मुलांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. आयफेल टॉवर कुठल्या देशात? टाळ्या. इटली नकाशात कशी दिसते? अर्णवने पाय वर करून दाखवला, बुटासारखी. पुन्हा टाळ्या. मला आतून फार बरं वाटत होतं. ते सगळं मी शिकवलेलं होतं.

“स्वित्झर्लंडची राजधानी?”

“बर्न,” ईरा म्हणाली.

सर हसले. “अगं, झुरिक. आपलं विमान तिथेच उतरलं ना?”

“टीचरनी बर्न सांगितलंय.”

तेव्हा मला उभं केलं. तुम्ही कधी गेलाय का स्वित्झर्लंडला, असं सरांनी विचारलं. मी नाही म्हणाले. सोफ्यावरचे एक काका म्हणाले, “टिटवाळ्याच्या पुढे तरी गेल्यात का, ते विचार.” मी टिटवाळ्याला राहते. सगळे हसले. छान, सभ्य हसले. खोलीत बारा-तेरा फोन होते. एकानेही काढून बघितलं नाही. गरजच नव्हती. ते जाऊन आलेले, आणि मी स्टुलावरची.

“तिला सांगा, टीचरची चूक झाली म्हणून,” सर म्हणाले. “नाहीतर ती तेच धरून बसेल.”

“चूक झाली,” मी म्हणाले.

ईरा माझ्याकडे बघत राहिली. आम्ही दोघींनी ॲटलासमध्ये बर्न शोधलेलं. तिने त्यावर बोट ठेवलेलं आणि मी त्या बोटाला शाबासकी दिलेली. तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

मला बर्न कसं माहीत, तेही सांगते. आमच्या शाळेत युरोपचा एकच नकाशा होता, कापडी. तो ऑफिसातून आणायचा, भिंतीला टांगायचा आणि तास संपला की गुंडाळून परत ठेवायचा, हे काम माझं. मला ते काम का दिलंय ते वर्गाला माहीत होतं. बाप झाडूवाला, मग पोरगी उचलठेव करणार. पण गुंडाळताना मी हळूहळू गुंडाळायचे. लिस्बनपासून सुरुवात. मॉस्कोपर्यंत पोचेस्तोवर मधल्या सगळ्या राजधान्या वाचून व्हायच्या.

सरांच्या घरीही एकदा, वडील काय करतात, असं मॅडमनी सहज विचारलेलं. महापालिकेत सफाई खात्यात, मी सहज सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून माझा चहा कागदी कपात यायला लागला. हायजिनिक असतं, म्हणाल्या. बाकीच्यांचे कप चिनी मातीचेच राहिले. मी प्यायले. महिनोन्‌महिने प्यायले.

त्या रविवारी ठाणे स्टेशनवर बसून मी दोन कसारा गाड्या सोडल्या. कुणाला तरी फोन करावा असं वाटत होतं, पण काय सांगणार? बर्नसाठी रडतेय म्हणून? घरी आईने विचारलं, कशी झाली पार्टी? मस्त, मी म्हटलं. जेवून भिंतीकडे तोंड करून पडले. आई शेजारीच होती, पण तिला सांगितलं असतं तर तिलाही झोप लागली नसती. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं. लोक हसले त्याचं नंतर नंतर काही वाटेना. मी स्वतःच्या तोंडाने खोटं बोलले, ते मात्र गिळवेना.

सोमवारी गेले. ईराची वही उघडली. ‘बर्न’ इतकं घासून खोडलेलं की कागद फाटलेला. त्या भोकाशेजारी तिने झुरिक लिहिलेलं.

“हे का खोडलंस?”

“तुम्हीच म्हणालात ना, चूक झाली.”

चहा आलेला. कागदी कप तसाच ठेवला. ॲटलास घेतला आणि दोन्ही मुलांना घेऊन हॉलमध्ये गेले. सर लॅपटॉपवर काम करत होते. त्यांच्यासमोर पान उघडलं.

“सर, राजधानी बर्न आहे. काल मी सगळ्यांसमोर खोटं बोलले. ईराचं उत्तर बरोबर होतं, ते तिला तुम्ही सांगा.”

त्यांनी पान बघितलं. मग म्हणाले की एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं, गंमत चालली होती. मी हलले नाही. तेव्हा त्यांचा आवाज बदलला.

“मुलांसमोर माझा अपमान करताय तुम्ही.”

“माझाही मुलांसमोरच झाला, सर.”

उद्यापासून येऊ नका, म्हणाले. ईराला काहीच म्हणाले नाहीत. मग मीच तिच्याकडे वळून सांगितलं, “तुझं बरोबर होतं. मी घाबरले होते.” अर्णवने विचारलं, टीचर कुठे चालल्या? मी चपला घातल्या.

ती मुलं पुन्हा दिसली नाहीत. ईराच्या वहीत आता काय लिहिलंय, मला माहीत नाही. कदाचित झुरिकच असेल.

मी अजून शिकवण्या घेते, अजून लोकांच्या घरी जाते. वडील काय करतात, असं विचारलं की महापालिकेत झाडू मारतात म्हणून सांगते. कागदी कप आला की परत करते. चुकते तेव्हा, चुकले, असं पोरांसमोर सांगते. पण ‘चूक झाली’ हे दोन शब्द आता फक्त माझ्या चुकांसाठी आहेत. दुसऱ्या कुणाच्या चुकीला ते माझ्याकडून मिळणार नाहीत. मग मला खोलीच्या मधोमध उभं करा, नाहीतर दाराबाहेर.