अमावस्येला उघडा दवाखाना

"ज्याचा दात ठणकतोय त्याला दुसऱ्याचं हसू कशाला दाखवायचं, जिना दाखवा," असं नीळकंठराव एकदा म्हणाले होते.

म्हणाले ते सुनेला. अबोली इंदापुरात दातांची डॉक्टर. तिच्या दवाखान्याची वेबसाइट कुणीतरी पुण्यात करून दिली होती आणि त्या वेबसाइटवरच्या फोटोंत परदेशी माणसं पांढरंशुभ्र हसत होती. शाळेतून निवृत्त झालेल्या रावांनी ती हातात घेतली. हसणारे काढले, मेडिकलशेजारून दवाखान्यात चढणाऱ्या जिन्याचा फोटो टाकला. कळसहून येणाऱ्यानं कुठं उतरायचं, भिगवणहून येणाऱ्यानं कुठं वळायचं, सगळं लिहिलं. फोन नंबर इतका मोठा केला की चष्मा घरी विसरलेल्यालाही दिसावा. कुणी काही विचारलं की ते जेवण सोडून उत्तर लिहीत. दुखणारा माणूस एकटा असतो. समोर कुणीतरी आहे एवढं तरी त्याला कळावं. शिवाय वर्ग सुटल्यापासून रावांचं ऐकणारंही कुणी राहिलं नव्हतं.

मग चूक झाली. अमावस्येला इकडे सहसा कुणी दात काढून घेत नाही. रक्त थांबत नाही म्हणतात. रिकामी बाकडी बघून रावांनी परस्पर वेबसाइटवर लिहून टाकलं, 'अमावस्येला बंद'. नेमका त्याच दिवशी भिगवणचा मासळीवाला गंगाराम गाल धरून बसला होता. त्यानं ते वाचलं आणि बारामती गाठली. आता त्याचं सगळं घर तिकडेच जातं.

"बाबा, दवाखाना उघडा होता," अबोली म्हणाली. "मी रुग्णांच्या खुर्चीत बसून शेंगदाणे खात होते."

"मला वाटलं, कोण येतंय."

"वेबसाइट पुण्याच्या कंपनीला देऊन टाकते. तुम्हालाही आराम."

आराम या शब्दानं राव दचकले. "पुढच्या अमावस्येपर्यंत थांब. एक तरी दात काढायला आणून दाखवतो. नाही जमलं तर दे कंपनीला."

त्यांनी पहिल्याच पानावर लिहिलं, 'अमावस्येलाही दवाखाना उघडा. दुखणं तिथी बघत नाही.' खाली दात काढल्यानंतरच्या सूचना. पहिली : कापसाचा बोळा दाबून धरा, अर्धा तास बोलू नका.

अमावस्येला एकच नाव आलं. कळसच्या केसरबाई. त्यांच्या सुनेनं, पायलनं, फोनवरून नोंदवलं होतं. दोघी आल्या, पण केसरबाई बाकड्यावरून हलेनात.

"आज निस्ता दाखवायचा हाय. काढायचा न्हाय."

"आमचं वाचलंत ना?" राव म्हणाले.

"हिनं वाचून दावलं की. लिवणाऱ्याचं काय जातंय, गुरुजी? दात आमचा हाय."

"आत्या, गप बसा की," पायल हसू दाबत सासूला म्हणाली.

"माझीही दाढ दुखतेच आहे," राव बोलून गेले. ती दिवाळीपासून दुखत होती. रोज नवं कारण काढून ते खुर्ची टाळत होते.

केसरबाईंनी पदर सावरला. "व्हय? मग बसा की आधी. तुमी धड भाईर आलासा तर मी बसती."

आतल्या दारात अबोली हातमोजे चढवत उभी होती. "या, बाबा," ती फार प्रेमानं म्हणाली.

राव आत गेले, तरी बाहेर त्यांचा आवाज येत राहिला. दुधाच्या दातांपासून अक्कलदाढेपर्यंत ते सुनेला समजावत होते. मध्येच आवाज बंद झाला.

बऱ्याच वेळानं ते आले. एक गाल फुगलेला, कपाळावर घाम.

"थांबलं का रगत?" केसरबाईंनी विचारलं.

राव सांगायला निघाले आणि स्वतःचीच सूचना आठवून थांबले. त्यांनी ओठ पुसून रुमाल पुढं धरला. कोरा होता. मग फळ्याकडं विद्यार्थ्याला बोलवावं तसं खुर्चीकडं बोट केलं.

केसरबाईंनी पिशवी पायलच्या मांडीवर ठेवली. "एवढं गप मास्तर उभ्या जन्मात बघितलं न्हाईत," म्हणत त्या आत गेल्या.

अबोलीनं दार लावता लावता सासऱ्यांकडं बघून, वेबसाइट तुमच्याकडेच, अशी मान हलवली. रावांनी चपला पायांत सरकवल्या आणि बोळा दाबून धरत, फोटोतला तो जिना उतरून ते गेले.