दादाच्या कपाटात मी बाटली शोधली होती

काल दादाचं तेरावं झालं, इथेच इंदूरला. जेवायला आलेल्या दोघांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ताईजी, पीत होते का?" त्यांना "नाही" एवढंच सांगितलं. बाकीचं इथे लिहिते...

दादाने जन्मात दारूला हात लावला नाही. पण दोन वर्षांपूर्वी त्याचं पोट फुगलं, पाय सुजले, सोनोग्राफीत लिव्हर खराब निघालं, तेव्हा मीही हाच संशय घेतला. वहिनी गेल्यापासून एकटा राहतो, लागली असेल सवय... कित्येक वर्षं थकलेला असायचा, त्याचाही मी तोच अर्थ लावला.

एका दुपारी कामवाल्या बाईंसमोर मी त्याचं कपाट उपसलं. तो पलंगावर बसून बघत होता. "शोध, शोध. मिळाली तर मलाही दाखव, कशी असते ते बघेन!"

कपाटात पोह्यांवर टाकायचं जीरावन निघालं, आणि आईची शाल. सगळं तसंच जमिनीवर टाकून मी तणतणत घरी आले.

पुढच्या आठवड्यात रिपोर्ट आला... हिपॅटायटिस सी. हा विषाणू रक्तातून शिरतो आणि वीस-तीस वर्षं गुपचूप लिव्हर पोखरतो. थकव्यापलीकडे बऱ्याच जणांना काही जाणवतही नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "पूर्वी कधी रक्त चढवलं होतं?" दादा खिडकीबाहेर बघत राहिला. उत्तर मला द्यावं लागलं.

मी कॉलेजात होते. बेटम्याच्या रस्त्यावर त्याच्या स्कूटरला ट्रकने उडवलं होतं. तेव्हा हॉस्पिटलबाहेर पैसे घेऊन रक्त देणारे उभे असायचे. त्यांच्यातल्या एकाचा हात धरून मीच त्याला आत नेलं होतं. या विषाणूची तपासणी त्या काळी होतच नव्हती. बहुधा तिथूनच आला असेल, डॉक्टर म्हणाले.

गोळ्यांचा कोर्स झाला, विषाणू गेला. मी खजरान्याच्या गणपतीला लाडू चढवून आले. पण लिव्हर आधीच दगड झालं होतं... वर्षभरात त्यात गाठ निघाली, कॅन्सरची.

शेवटच्या आठवड्यात मी त्याची माफी मागितली. कपाटाची, आणि त्या रक्ताची.

तो चिडलाच. "कपाटाची माग, वो तो बनती है. रक्ताची नको. त्याच्यावर पस्तीस वर्षं काढली मी. लग्न केलं, दर थंडीत सराफ्याच्या खाऊगल्लीत तळलेले गराडू खाल्ले... तू नसतीस तर तेव्हाच गेलो असतो, पागल."

तुमच्या घरात पूर्वी कुणाला रक्त चढवलेलं असेल, तर त्यांची एकदा हिपॅटायटिस सीची तपासणी करून घ्या. आळस करू नका. वेळेवर कळलं तर गोळ्यांनी बरं होतं.

आज सकाळी ते कपाट पुन्हा उघडलं, रिकामं करायला. जीरावन जागेवर होतं. शालीची त्याच्या हातची नीट चौकोनी घडी होती... त्या दिवशी मी निघून गेल्यावर, सुजलेल्या पायांनी उठून त्याने घातलेली.

ती घडी मी मोडली नाही.