फिकट निळा गाळ

आमच्या दुबईतल्या अल बर्शाच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टचा आरसा नुकताच पुसलेला असला की स्प्रेचा अमोनियासारखा वास येतो आणि मला शारजातली शाळा आठवते. मी तिथे प्रोबेशनवर केमिस्ट्री शिकवत होते आणि त्या दिवशी सुपरवायझर मॅडम मागच्या बाकावर बसल्या होत्या. एसी घरघरत होता. मोरचुदाच्या पाण्यात अमोनिया घालून तांब्याचं गडद निळं कॉम्प्लेक्स, म्हणजे संयुग, दाखवायचं होतं, पण थोडे थेंब टाकताच परीक्षानळीत फिकट निळा, फाटलेल्या दुधासारखा गाळ झाला. अमोनिया वाढवला की तो विरघळतो, हे मीच आदल्या दिवशी शिकवलं होतं. तेव्हा मात्र काही म्हणजे काही आठवेना. तेवढ्यात एका मुलीने हात वर केला. "मिस, यू स्टॉप्ड टु शो अस धिस फर्स्ट, राइट? नाऊ वी ॲड मोअर?" मी "करेक्ट" म्हणाले, तेही अगदी शिकवण्याच्या सुरात, आणि बाटली उचलली. नळी गडद निळी झाली. मॅडम म्हणाल्या, "मध्ये थांबलात ते छान केलंत." पोर्शन मागे पडतो म्हणून जिला मी रोज "नंतर विचार" म्हणत खाली बसवायचे, ती हीच मुलगी. आरसा लख्ख असतो. मी त्यात न बघता मजल्यांचे आकडे बघत उभी राहते.