रक्तातली भावकी

आमच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने उणे ऐंशी डिग्रीच्या फ्रीझरमध्ये ठेवतात. वर्षानुवर्षं टिकतात. किश्शांसाठी मात्र असा फ्रीझर कुठे मिळत नाही. नमुना आणायला गेलं की एखादा किस्सा सोबत येतोच, आणि तो ताजा असतानाच कुणाला तरी सांगावा लागतो. माझ्याकडे आता इतके साठलेत की घरचे म्हणतात, "वर्षा, आता बाहेरच्यांना सांग!"

म्हणून तुम्हाला सांगते.

आमची लॅब ताथवड्याला. शुभदा मॅडम प्रमुख. केस पांढरे, चालणं तरातरा आणि बोलणं एकदम शुद्ध. मी घरोघरी जाऊन लोकांना समजावते, त्यांची परवानगी घेते, रक्त काढते आणि लॅबची जुनी गाडीही चालवते. आमचा विषय मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस. या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती जंतूंशी लढायचं सोडून आपल्याच मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांच्या आवरणावर तुटून पडते. मग कुणाला धूसर दिसतं, कुणाचे पाय बधिर होतात, कुणाचा तोल जातो. ही प्रतिकारशक्ती चालवणारे जीन्स पेशंटमध्ये आणि निरोगी माणसांत कसे वेगळे असतात, ते आम्ही शोधत होतो.

आणि हे सगळं लोकांना मराठीत सांगायचं होतं!

*

सुरुवातीचीच गोष्ट. चाकणजवळच्या एका गावात अलका नावाची पेशंट होती. गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत कामाला. एक दिवस तिची बोटं बधिर झाली, वायर हातात आहे की नाही तेच कळेना. डॉक्टरांनी एमएसचं निदान करून औषध सुरू केलं होतं. आम्ही रक्ताचा नमुना मागायला गेलो, तर दारात तिची सासू उभी. हात कमरेवर.

"रगत बिगत काय न्हाई मिळायचं. आमी काय येडं हाय का?"

मॅडमनी समजवायला घेतलं. "आजी, प्रत्येकाच्या शरीरात एक संरक्षक यंत्रणा असते. ती स्वकीय आणि परकीय यांतला भेद ओळखते…"

आजींच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही.

मॅडमनी शुद्ध मराठी थोडी बाजूला ठेवली. "म्हणजे बघा, राखण करायला ठेवलेली आपलीच माणसं. ती आपल्याच घरावर चालून आली. बाहेरचं कुणी नाही, सगळी आतलीच."

आजींचे डोळे चमकले. "म्हंजी भावकी!"

मॅडमनी तो शब्द लगेच वहीत लिहून घेतला. कधीपासून आम्ही 'ऑटोइम्यून' या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधत होतो!

"व्हय ना? भावकीच की ही! बाहेरच्याला हाकलता येतं, भावकीला कुठं हाकलणार? म्हणून तर औषिद सोडायचं न्हाई म्हणत्यात डॉक्टर." आजींनी आत वळून हाक मारली, "अलके, ये गं भायेर. दे रगत." आणि खाटेवर बसून स्वतःच बाही वर केली. "माझं बी घ्या. आमच्या घरात भांडकुदळ कोन हाय ते एकदा कळू तरी दे!"

अलका बाहेर आली ती हसतच. तिचा नवरा मला नंतर म्हणाला, निदान झाल्यापासून ती पहिल्यांदाच हसली होती.

*

संशोधनाचा पहिला पेपर जर्नलला पाठवला आणि तो परत आला. परीक्षकांचं म्हणणं एकच: पेशंटचे नमुने ठीक आहेत, पण तुलनेसाठी याच भागातली निरोगी माणसं कमी पडतात, आणखी आणा. अशा निरोगी माणसांना आमच्या भाषेत 'हेल्दी कंट्रोल' म्हणतात.

निरोगी माणसाचं रक्त मिळवणं फार अवघड, राव! आजारी माणूस आशेने देतो. धडधाकट माणूस म्हणतो, "मला काय झालंय?"

शेवटी चाकणच्या एका कंपनीने कँटीनमध्ये टेबल टाकायला परवानगी दिली. जेवणाची सुट्टी झाली. सगळे आमच्याकडे बघत बघत पुढे जात होते, थांबत कुणीच नव्हतं. तेवढ्यात विलास नावाचा एक भरदार ऑपरेटर आला.

"यात माझं नाव काय लागणार?"

"नाव नाही लागणार, नुसता नंबर. पण गट असेल 'हेल्दी कंट्रोल'."

"काय? परत बोला."

"हेल्दी कंट्रोल."

विलासने अख्ख्या कँटीनकडे तोंड केलं आणि ओरडला, "भावांनो, बायको रोज म्हणते खाण्यावर कंट्रोल नाही, बोलण्यावर कंट्रोल नाही. आज सायन्सने सांगितलं, आपण कंट्रोल आहोत! ते पण हेल्दी!"

कँटीन हसून लोळायचं बाकी राहिलं. आणि रांग लागली ती पार हात धुवायच्या नळापर्यंत. माझ्याकडच्या नळ्या संपल्या, लॅबमधून दुसरा बॉक्स मागवावा लागला. मॅडम आनंदाने नुसत्या येरझारा घालत होत्या.

दुसऱ्या दिवशी लॅबचा फोन वाजला. पलीकडे एक बाई.

"मी विलासची मिसेस. तुम्ही ह्यांना काय सांगितलंय? काल जेवताना सहावी पोळी मागितली आणि म्हणाले, मी कंट्रोल आहे. ते आधी कॅन्सल करा!"

*

नीता आणि गीता या जुळ्या बहिणी. दिसायला इतक्या सारख्या, की पहिल्या भेटीत मी गीतालाच औषध वेळेवर घेतेस ना म्हणून विचारलं. वडील लातूरकडचे, चिंचवडला एका कंपनीच्या टूलरूममध्ये. एमएस नीताला होता. गीता ठणठणीत.

गीताचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा चांगला होता. गीताने स्वतःच त्याला बहिणीच्या आजाराचं सगळं सांगितलं. घरच्यांनी कपाळाला हात लावला, पण ती म्हणाली, "लपवून केलेलं लग्न मला नको." आणि मग व्हायचं तेच झालं. मुलाचे मामा थेट आमच्या लॅबमध्ये हजर. सोबत मुलगाही होता, पण मामांनी त्याला बाहेर बसवलेलं.

"मॅडम, दोघींचं रक्त एकच ना? मंग हिला बी होणार की. तेवढा रिपोर्ट द्या."

"रिपोर्ट देता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "हे संशोधन आहे. कुणाची माहिती कुणालाही देत नाही. पण जगभर जे दिसलंय ते सांगते. अशा जुळ्यांचे जीन सारखेच असतात, तरीही एकीला हा आजार झाला तर दुसरीला बहुतेक वेळा होत नाही. जीनमुळे शक्यता वाढते. निकाल एकटा जीन लावत नाही."

"बहुतेक म्हंजे? गॅरंटी द्या."

"देते की. मुलाचं गॅरंटी कार्ड आणलंय का?"

"आँ?"

"त्याला पुढे बीपी होणार नाही, शुगर होणार नाही, टक्कल पडणार नाही. द्या लिहून. दोन्ही कार्डं शेजारी ठेवू."

मामा मुलाकडे बघायला वळले, तर तो दारातच उभा. सगळं ऐकलेलं. "मामा, गॅरंटी बघून मी फ्रिज घेईन. लग्न गीताशी करणार."

मामा उठून गेले. गीताचा फोन आला तेव्हा ती रडत होती की हसत होती मला कळेना. वाक्य मात्र स्पष्ट होतं, "ताई, हॉल बुक झाला!"

लग्नात नीता काठी बाजूला ठेवून नाचली. थोडंच, एका खुर्चीच्या पाठीला धरून, पण नाचली. मी आणि मॅडम जेवणाच्या रांगेत उभ्या होतो तर मामा गर्दीतून वाट काढत आले. आता बोलणी बसणार असं मला वाटलं. त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि कुण्या तरुणाचा फोटो मॅडमच्या पुढे धरला.

"आमच्या धाकटीला स्थळ आलंय. पोरगं दिसायला बरंय. पर तुमी एकदा याचं रक्त बगून घेता का?"

*

पेपर दुसऱ्यांदा पाठवला. या वेळी निरोगी नमुने भरपूर होते. मग वाट बघणं आलं. मॅडम दर थोड्या वेळाने ईमेल उघडून बघायच्या आणि "मी बघतच नाहीये" असं सांगायच्या.

एका दुपारी आम्ही दोघी चाकणच्या चौकात अडकलो. कांद्याचे ट्रक, कंपन्यांच्या बसेस, कंटेनर. गाडी इंचभरही हलेना. मी इंजिन बंद केलं. मॅडमनी फोन उघडला, आणि पुढच्या क्षणी दार उघडून भर रस्त्यात उतरल्या!

"वर्षा! पास झाला! पेपर पास झाला!"

दोन्ही हात वर, पदर खोचलेला, पांढरे केस उडतायत. मीही उतरले. आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडलो. मी रडायला लागले. परत आलेला तो पेपर, उन्हातली ती गावं, दारोदार मागितलेलं ते रक्त, सगळं डोळ्यापुढून गेलं.

शेजारच्या ट्रकच्या खिडकीतून ड्रायव्हर वाकला. "काय झालं मावशी?"

"पेपर पास झाला!"

"कितवीचा?"

मॅडमनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. समजावून होईपर्यंत चौक मोकळा झाला असता. "सगळ्यात वरचा!" त्या म्हणाल्या.

"या वयात? शाब्बास मावशी!" आणि त्याने हॉर्न दाबला. सुरातला, लांबलचक. मागच्याने दाबला, त्याच्या मागच्याने दाबला. चाकणच्या जॅममध्ये कौतुकाचे हॉर्न मी आयुष्यात तेवढेच ऐकले.

*

आता रोहिणीचं सांगते.

रोहिणी आमच्याकडे पहिल्यांदा आली ती पेशंट म्हणून. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. कॉलेजच्या जिन्यात पाय लुळे पडले आणि कोसळली. नंतर एका डोळ्याची नजर गेली. वेळेवर उपचार मिळाले. नजर परतली, पायही बरेचसे परतले. मग एक दिवस ती लॅबमध्ये आली आणि मॅडमना म्हणाली, "तुमच्या डेटाचं काम मला द्या. मला कोडिंग येतं." मॅडमनी परीक्षा घेतली आणि तिला कामावर घेतलं. तिचं स्वतःचं रक्तही त्याच नमुन्यांत होतं, एका नंबराखाली. तो नंबर तिने कधी विचारला नाही.

आजाराबद्दल ती लॅबबाहेर कुणाला सांगत नसे. "मग माझं काम बघत नाहीत," म्हणायची, "माझ्या पायांकडे बघतात."

चिंचवडला मोठी परिषद भरली, देशभरातले डॉक्टर आले. आमचं संशोधन कोण मांडणार? मॅडम म्हणाल्या, "सगळं गणित रोहिणीचं आहे. तीच मांडेल."

भर उन्हाळा, आणि नेमका हॉलचा एसी बंद पडला. एमएसवाल्यांना उष्णता वैरी असते. अंग तापलं की जुनी लक्षणं तेवढ्यापुरती डोकं वर काढतात. रोहिणीने माझा हात धरला. "वर्षाताई, डोळ्यापुढे धूसर होतंय. स्लाइडवरची अक्षरं दिसत नाहीयेत."

"मॅडमना सांगू? त्या बोलतील."

"नको."

मी गार पाण्याची बाटली तिच्या मानेवर धरली. तिचं नाव पुकारलं तशी ती उठली, भिंतीला हात लावत लावत स्टेजवर गेली आणि पोडियम दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मग बोलायला लागली. एकाही स्लाइडकडे वळून न बघता. कोणता जीन, कुणात जास्त, कुणात कमी, आमचा अंदाज कुठे चुकू शकतो, सगळं तोंडपाठ.

संपलं. टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेतले एक फार मोठे डॉक्टर प्रश्न विचारायला उठले.

"उत्तम काम आहे. पण मी गेली कित्येक वर्षं हे पेशंट बघतोय. त्यात तरुण मुलीच जास्त. जीन सापडला, छान झालं. पण मला सांगा, या मुलींचं पुढे होतं काय? आयुष्यात त्या करतात काय?"

रोहिणीने आवाज जिथून आला तिकडे मान वळवली.

"प्रेझेंटेशन देतात, सर," ती म्हणाली. "पुढचा प्रश्न?"